साळ नदी आणि अंगणातली तुळस

साळ नदीचा विषय निघाला की मडगावचे माझे मित्र लंडनचा दाखला देतात आणि मी तिथल्या हाउन्स्लो या उपनगरात राहत असल्यामुळे साक्षीला मलाच उभे करतात. थेम्स शुद्ध झाली, मग वेर्ण्याजवळ उगम पावून बेतूलला समुद्रात जाणारी आपली एवढीशी नदी का होत नाही, असा त्यांचा सवाल असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने खारेबांध ते मोबोर हा तिचा पट्टा प्रदूषित ठरवला, याचे खापर कोणी सरकारवर फोडतात, तर कोणी लोकांच्या सवयींवर.

साक्ष द्यायची तर पुरती द्यावी. १९५७ मध्ये जिला मृत म्हटले गेले त्या थेम्समध्ये आज मासे आहेत, सीलही दिसतात. पण जुन्या लंडनमध्ये मैला आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहत असल्याने जोराच्या पावसात ते नदीत सुटत राहिले आणि ते अडवण्यासाठी २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला, जो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीतल्या खेळाडूंना पाण्यात न उतरण्याची ताकीद होती. मित्रांना हे ऐकवले की त्यांचा थोडा विरस होतो.

मडगावशी खरे साम्य आमच्या उपनगराचे आहे. येथे मैल्याची वाहिनी वेगळी, पावसाची वेगळी, आणि पावसाची वाहिनी जवळच्या क्रेन नदीत रिकामी होते. रहिवासी स्वयंसेवक काठाने चालत अशा प्रत्येक वाहिनीचे तोंड पाहतात आणि नोंद ठेवतात. मीही एकदा गेलो. आठवडाभर पाऊस नव्हता, तरी एका तोंडातून साबणाच्या वासाचे राखाडी पाणी ठिबकत होते. घरी येऊन प्लंबरला बोलावले, त्याने धुलाईयंत्राच्या पाण्यात रंग टाकला आणि तो घरामागच्या, पावसाच्या पाण्याच्या चेंबरात उतरला. आधीच्या मालकाने केलेली चुकीची जोडणी होती. माझे कपड्यांचे पाणी चार वर्षे नदीत जात होते आणि मी मात्र मडगावला स्वच्छतेचे धडे देत होतो.

मडगावजवळच्या नावेलीला बहिणीच्या दारात मलनिस्सारण वाहिनी टाकून झाली आहे. चेंबरच्या झाकणावर भावोजी स्कूटर लावतात, घराची जोडणी मात्र नाही. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी गटारात, तेथून ओहोळात आणि ओहोळातून साळमध्ये. भावोजी बेफिकीर नाहीत. पाइप न्यायचा तर लाद्या उखडाव्या लागतात, वाटेत तुळशीवृंदावन येते, आणि फोडलेले अंगण पूर्ववत कोण करून देणार, याचे उत्तर त्यांना कोणी दिलेले नाही. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची क्षमता वाढवा, काठावर फिरायला पदपथ बांधा, पण घर आणि वाहिनी यांमधले हे काही मीटर सुटले तर प्रकल्पापर्यंत पाणी पोहोचणारच नाही. तेवढे काम शासनाने अंगणाच्या दुरुस्तीसह आपल्या खर्चाने करावे, आणि त्यानंतरही जोडणी न घेणाऱ्याला मग खुशाल दंड करावा, असे माझे मत आहे.

भावोजींना हे पटले. वृंदावन हलवायलाही ते तयार झाले, फक्त तुळशीचे लग्न होऊन जाऊ दे म्हणाले. पावसात खोदाई तशीही होत नाही, म्हणून मी कार्तिक संपताच फोन करणार आहे.