कंपनीला धरा म्हणताना पोस्ट कोणाची उडते?

बदनामीचा एखादा व्हिडिओ फिरायला लागला की मागणी ठरलेली: तो ज्या साइटवर आहे त्या कंपनीवरच गुन्हा दाखल करा. हे आपल्याकडे करून झालंय. २००४ साली बाझी डॉट कॉमवर कुणीतरी अश्लील क्लिप विकायला ठेवली, तेव्हा साइटच्या प्रमुखालाही अटक झाली होती. पुढे २००८ च्या दुरुस्तीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं. लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी साइटवर नाही, पण काही अटींवर. मजकुरात फेरफार नको, नियमांप्रमाणे काळजी घ्यायची, आणि बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाली की तो काढायचा.

सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. कुणाचाही ईमेल म्हणजे ‘माहिती’ धरली, तर कंपनीचा वकील काय करेल? पोस्ट ठेवली तर खटल्याची टांगती तलवार, काढली तर कुणी जाब विचारत नाही. तो काढणारच. खरं-खोटं तपासायला त्याला वेळही नाही आणि गरजही नाही. म्हणून साइटवरची जबाबदारी वाढवली की आधी गप्प होतो तो लिहिणारा, कंपनी नव्हे. बिल्डरबद्दल, संस्थाचालकाबद्दल, नगरसेवकाबद्दल लिहिणाऱ्यांची पोस्ट सगळ्यात आधी जाते, कारण नोटीस पाठवायला वकील परवडतो तो या बड्या मंडळींनाच.

श्रेया सिंघल निकाल (२४ मार्च २०१५) म्हटलं की लोकांना आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द झालं एवढंच आठवतं. माझ्या मते त्यातला कलम ७९ चा भाग तितकाच मोलाचा आहे. प्रत्यक्ष माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, आणि तीही घटनेच्या अनुच्छेद १९(२) मधल्या, म्हणजे अभिव्यक्तीवर बंधन घालता येण्याच्या, कारणांत बसणारी, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

त्यानंतर सरकारी बाजूचं दार रुंद होत गेलं. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी असा आदेश आल्यावर ३६ तास दिले होते, पुढे मुदत आणखी आवळली गेली. सहयोग या सरकारी पोर्टलवरून मजकूर काढण्याच्या नोटिसा कंपन्यांना जाऊ लागल्या. त्याला एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने दिलेलं आव्हान कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. नोटिशीवर सही कितीही वरच्या अधिकाऱ्याची असो, तक्रारदार आणि निवाडा करणारा दोन्ही सरकारच असेल तर मला ते पटत नाही. मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये केंद्राच्या फॅक्ट-चेक युनिटचा नियम रद्द केला, तिथेही सरकारच्या कामाबद्दल काय खोटं ते सरकारनेच ठरवायचं, हाच वांधा होता.

आता कामाचं. तुमची बदनामी झाली असेल तर ‘अमुक पेजवरचा व्हिडिओ काढा’ असं मोघम लिहू नका. नेमक्या पोस्टची यूआरएल, तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, कोणतं वाक्य खोटं आणि त्याचा कागद, एवढं त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. तक्रार क्रमांक जपा, पुढे सगळं त्यावरच चालतं. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. नग्न किंवा खासगी क्षणांचा फोटो किंवा तोतया खातं असेल तर हा प्रकार तक्रारीत पहिल्याच ओळीत सांगा. त्याला साध्या तक्रारीपेक्षा खूप कमी मुदत आहे. इथे झटपट काढणं योग्यच, त्यावर माझा वाद नाही.

उलट तुमचीच पोस्ट उडाली असेल तरी हाच रस्ता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या साइटने आपणहून मजकूर काढला, तर कारण कळवणं आणि तुम्हाला म्हणणं मांडू देणं नियमात आहे. कारण लेखी मागा.

कॉपीराइटचा दावा ठोकून टीकेचा व्हिडिओ पाडायची युक्ती तर सर्रास चालते. आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा तक्रारीवर २१ दिवस मजकूर बंद ठेवायची तरतूद आहे. तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर साइट तो परत सुरू करू शकते. ‘करू शकते’, ‘करावाच’ नव्हे. म्हणून बाविसाव्या दिवशी आठवणीचा मेल तुम्हीच टाकायचा.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन मंडळींसाठी: सदस्याने टाकलेल्या मेसेजबद्दल केवळ ॲडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, दोघांचा सामायिक हेतू किंवा आधीचं संगनमत दिसलं पाहिजे, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय.