कपाटातली आंघोळ

तुर्कीला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, हॉट एअर बलूनमध्ये बसलात का? नाही बसलो. आम्ही सफ्रानबोलूला गेलो. अंकाराहून बसने तीनेक तास, केशरासाठी प्रसिद्ध, जुनी ऑटोमन घरं जपलेलं गाव, युनेस्कोने 1994 सालीच यादीत घातलंय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र अजून कुणाला पत्ता नाही.

बसमधल्या पोऱ्याने हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं, लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं. बायकोने ते कौतुकाने तोंडाला फासलं. त्यात 80 टक्के अल्कोहोल असतं, तिचे डोळे मिटले ते मिटलेच, बाहेरचे डोंगर मी एकट्यानेच बघितले.

जुनं गाव खाली दरीत, आणि रस्ते सगळे दगडी. चाकाच्या बॅगेने असा खडखडाट केला की लाकडी खिडक्यांतून आज्ज्या डोकावायला लागल्या. आमच्या मुक्कामाचं घर मात्र बघत राहावं असं, वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, खोलीला कोरीव छत, भिंतीलगत बैठका. मी खुणेने बाथरूम विचारलं तर मालकांनी कपाट दाखवलं. म्हटलं टॉवेल असतील. उघडलं तर आत नळ!

तर भानगड अशी, की पूर्वी इथे एकत्र कुटुंबं, एकेक खोली म्हणजे एकेका जोडप्याचा संसार, दिवसा गाद्या भिंतीतल्या कपाटात आणि त्याच कपाटाच्या एका कप्प्यात आंघोळीची सोय. कल्पना झकासच आहे हो, पण ज्याने मोजमाप घेतलं त्याला माझं पोट माहीत नव्हतं. कोपर हलवलं की फळी वाजते. त्यात साबण निसटला. वाकायचं तर दार उघडावं लागणार, दार उघडलं तर आपली मागची बाजू थेट खोलीत, आणि खोलीत बायको मालकीणबाईंसोबत चहा पीत बसलेली, हातवारे करून गप्पा रंगलेल्या. मी आतूनच ओरडलो, "अगं त्यांना बाहेर ने!" तर ही म्हणते, "अहो, आत्ताच दुसरा कप ओतलाय, राहा थोडे आत." राहिलो. साबण लावलेल्या अवस्थेत. त्या कपातून घोट घोट कसा प्यायला जातो ते सगळं ऐकलं.

(संडास पॅसेजमध्ये वेगळा होता आणि भांड्यातच पाण्याची धार देणारी नळी बसवलेली. युरोपातून आलेल्या मराठी माणसाला यापेक्षा मोठं स्वागत काय हवंय.)

दुसऱ्या दिवशी कपाटाला हातच लावला नाही. गावात सतराव्या शतकातला जिंजी हमाम अजून चालू आहे, बायका-पुरुषांचे भाग वेगळे, सरळ तिकडे गेलो. तापलेल्या संगमरवरावर आडवं केलं, खरखरीत हातमोज्याने त्या धिप्पाड माणसाने मला असं घासलं की लहानपणीची आई आठवली, आणि निघालेल्या मळाच्या वळ्या तोंडासमोर धरून दाखवल्या वर. काय बोलणार, मान डोलावली. बाहेर आलो तर बायको लालबुंद होऊन बाकावर बसलेली.

"तुमचा किती निघाला हो?"