नोकरी लागली, पुढे काय?

वस्तीतल्या एखाद्या मुलाला नोकरी लागली की आपण पेढे खातो आणि विषय संपवतो. माझ्या मते खरा विषय तिथूनच सुरू होतो.

पुण्यातल्या जनता वसाहत, ताडीवाला रोड, कासेवाडी या वस्त्या. इथली मुलं कष्टाला मागे हटत नाहीत. कुणी बारावी करून, कुणी औंधच्या आयटीआयमधून फिटर-वेल्डर होऊन चाकणला, रांजणगावला जातं. गेटवर नाव मोठ्या कंपनीचं, पगार मात्र ठेकेदाराकडून. आणि सातव्या महिन्यात 'ब्रेक'. एमआयडीसीत हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायदा ती सलग सेवा धरतो, कायम होण्याचा दावा उभा राहू शकतो. म्हणून २४० भरायच्या आत पोराला घरी बसवायचं. मग दुसरा ठेकेदार, पुन्हा हेल्पर, पुन्हा सुरुवातीचाच पगार. आमच्या अभ्यासिकेत येणारा पंचविशीतला एक फिटर चार कंपन्यांत राबलाय, पण अनुभवाचा कागद एकाही ठिकाणचा नाही. अशा मुलांकडे कौशल्य नाही असं कुणी म्हणालं की मला संताप येतो.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. आधी सहा महिने, नंतर मुदत वाढवून अकरा. ज्या घरात एकच कमावतं माणूस आहे तिथे या पैशाची किंमत मोठी आहे. पण बाराव्या महिन्यात काय? प्लेसमेंटचे आकडे फलकावर झळकतात. दोन वर्षांनी त्यातले किती टिकले, कुणाचा पगार वाढला, हे फारसं कुणी विचारत नाही.

मुलींची वाट आणखी अवघड. सेकंड शिफ्ट रात्री सुटते, कंपनीची बस हायवेला सोडून जाते. घरचे म्हणतात, नको ती नोकरी. आपण घरच्यांना मागासलेले ठरवून मोकळे होतो. घरापर्यंत गाडी द्या, मग बघा किती जणी टिकतात.

मुलांना मी सांगते, नियुक्तीपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यात ते बंधनकारक आहे. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, टाकून पीएफ जमा होतोय का बघा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, लक्षात ठेवा. पण एकट्या पोराने हे मागितलं की दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवतात. त्यामुळे ही मागणी आतल्या माणसांनी करायला हवी.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये भोसरी-चाकणला युनिट चालवणारे, एचआरमध्ये काम करणारे बरेच जण आहात. तुमच्याकडे ठेकेदारामार्फत आलेल्या मुलांना ब्रेक दिला जातो का, हे या महिन्यात नक्की तपासा. आणि पत्र, पीएफ, शिवाय हेल्परचा ऑपरेटर होईल असं शिकवणारा माणूस, एवढं असलेली एक जरी जागा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. काम करायला तयार असलेली मुलं-मुली माझ्या ओळखीत आहेत.