ऑटिझमवरचा तो 'जनहितार्थ' फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊनच बोलू

तो मेसेज तुम्हालाही आला असेलच. मला एकाच आठवड्यात सोसायटीच्या, माहेरच्या आणि दहावीच्या बॅचच्या अशा तिन्ही ग्रुपवर आला आणि तिन्हीकडे खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या काळी ऑटिझम वगैरे काही नव्हतं, हे सगळं मोबाईल आणि नोकरीवाल्या आयांमुळे झालंय, लशींनी त्यात भर घातली, गहू-दूध बंद करा की नव्वद दिवसांत मूल नॉर्मल, या मुलांना भावना नसतात ती आपल्याच विश्वात असतात, आणि म्हणून त्यांना चांगल्या शाळेत घालून बाकीच्यांचं नुकसान करू नका, आधी बरं करा मग समाजात आणा. शेवटी "जनहितार्थ", अर्थातच.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे (म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळे बोलणं, माणसांत मिसळणं, आवाज-गोंगाट सगळंच त्याला वेगळं जाणवतं), आम्ही डोंबिवलीत राहतो. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे (हो हो, नोकरीवाली आईच). पण मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कोणाला वाईट हेतू नाही हे मला माहितीये, म्हणून ग्रुप सोडण्यापेक्षा उत्तर लिहितेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

"आमच्या काळी नव्हतं"

होतं. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने अकरा मुलांवर पेपर लिहिला, पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्परगरने लिहिला, आणि या दोघांच्याही आधी १९२५ ला मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशाच सहा मुलांची वर्णनं छापलेली. मोबाईल राहू दे, आपल्याकडे टीव्हीसुद्धा १९५९ ला आला.

आणि लांब कशाला, आपापलं गाव आठवा. एखाद्या आळीत असायचाच ना कोणीतरी ज्याला स्टँडवरच्या सगळ्या एसट्यांचं टाईमटेबल पाठ, पण नावाने हाक मारली तर मान वळवायचा नाही, त्याला खुळा म्हणून चिडवायचे आणि पाहुणे आले की माडीवर बसवायचे. मुलगी असली तर घुमी, लाजरी, "सासरी गेली की होईल नीट". तेव्हा मोजायला कोणी गेलंच नाही. आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली. कागदावरच नव्हता तर दिसणार कुठून? शिवाय डॉक्टरांची व्याख्याही मधल्या काळात बरीच रुंद झाली, पूर्वी ज्यांना "जरा विचित्र पण हुशार" म्हणून सोडून द्यायचे ती मुलंही आता त्यात येतात. खरी वाढ थोडीफार असेलही, आईबापांचं वाढलेलं वय, अगदी कमी दिवसांची बाळं आता जगतात वगैरे कारणं अभ्यासक देतात, पण "नव्हतंच" हे साफ चूक. आणि हा शहरी लाडावलेल्या मुलांचा आजार वाटत असेल तर, २०१८ ला भारतातल्या पाच ठिकाणांचा एक मोठा अभ्यास छापून आला, हिमाचलचं कांगडा, हरियाणातलं पलवल, ओडिशातलं ढेंकनाल, आपला उत्तर गोवा आणि हैदराबाद, त्यात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक निघालं. तुमच्या मुलाच्या शाळेत किती पटसंख्या आहे ते बघा आणि हिशोब करा.

"मोबाईल आणि नोकरीवाल्या आया"

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. आईवर खापर फोडणं काही नवीन नाही. अमेरिकेत वीसेक वर्षं डॉक्टर लोक आयांना सांगायचे की तुम्ही मनाने थंड, फ्रिजसारख्या आहात, म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटेलहाइम या गृहस्थांनी तर ते प्रचंड गाजवलं. त्याला पहिला जोरदार धक्का दिला १९६४ ला बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. मग १९७७ ला जुळ्या भावंडांवरचा पहिला अभ्यास आला आणि दिसलं की एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही असण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. २०१९ ला पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, कोणाला ऑटिझम होतो आणि कोणाला नाही या फरकातला साधारण ८० टक्के वाटा जनुकांकडे गेला. माझ्या बँकेच्या पंचिंगकडे नाही.

"आजी-आजोबा घरात असते तर" असंही लिहिलंय त्यात. अहो, आमच्याकडे सासूबाई दिवसभर घरात होत्या. नातवाला मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणायच्या. तीन वर्षांचा असताना त्याला अख्खी रामरक्षा पाठ, एक अक्षर न चुकता, आणि त्याच मुलाला तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं. माझा हात धरून फिल्टरपाशी न्यायचा आणि हात नळावर ठेवायचा. हे मोबाईलने होतं का? 

आता 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीन बघून बघून मुलात ऑटिझमसारखी लक्षणं येतात हा दावा. रोमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाने हा शब्द आणला आणि यूट्यूबने उचलला. डॉक्टर ज्या अधिकृत याद्यांवरून निदान करतात त्यात असलं काही निदान नाही. स्क्रीन वाईट नाही असं मी म्हणतच नाहीये, दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाईल देऊच नये असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, आणि दिवसभर कार्टूनपुढे बसलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, मोबाईल काढून घेऊन त्याच्याशी गप्पा मारल्या की ते सुधारतं, हे खरंय. पण ते मूल ऑटिस्टिक नव्हतं, त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. आणि उलटंही असतं, ज्या मुलाला माणसांच्या गलक्याने त्रास होतो ते आपणहून स्क्रीनकडे ओढलं जातं, मग लोक म्हणतात बघा स्क्रीनमुळे झालं.

खरी काळजी मला वेगळीच आहे. हा मेसेज वाचून एखादं घर मोबाईल कपाटात ठेवेल आणि वर्षभर वाट बघत बसेल. "बाप पण उशिराच बोलला होता." कृपा करून वाट बघू नका. वर्षाचं मूल नावाला वळत नसेल, दीड वर्षाचं बोट करून वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांचं स्वतःचे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर दाखवून घ्या. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणारी केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते, जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. काही नाही निघालं तर उत्तमच.

लस, गहू, दूध, नव्वद दिवस

हे पटकन उरकते. लशीचं सगळं प्रकरण १९९८ च्या एका पेपरवर उभं आहे, मुलं बारा. तो २०१० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स ब्रिटनमध्ये काढून घेतलं. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ ला आला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घेतलेली आणि न घेतलेली, फरक नाही. जपानने तर १९९३ ला एमएमआर बंदच केली होती, योकोहामात ऑटिझमचं निदान तरीही वाढतच गेलं. लस द्या बाबांनो, गोवर परत आलेला आपल्या कोणालाच परवडणार नाही.

गहू-दुधाचं म्हणाल तर पोटाचा खरा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून बंद करा, त्याने ऑटिझम जात नाही. आमचा मुलगा मोजून आठ-दहा पदार्थ खातो, त्यातून पोळी आणि दही काढलं तर उरतं काय? "नव्वद दिवसांत बरा" म्हणणाऱ्यांचं मात्र दुकान जोरात चालतं. स्टेम सेलवाल्यांनी (मूळ पेशी शरीरात सोडून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांनी) लाखोंनी पैसे घेतलेत, २०२२ ला नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने स्पष्ट सांगितलं की ऑटिझमवर हा उपचार शिफारस केलेला नाही आणि तो विकणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, तरी जाहिराती आहेतच.

"यांना भावना नसतात"

लिफ्टमध्ये कोणी "हाय बोल ना बाळा, शेकहॅंड कर" म्हटलं की माझा मुलगा मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो. समोरचा खट्टू होतो, मला कळतं. पण आता दुसरी गोष्ट सांगते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यांची स्कूटर पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. याला बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ. रोज संध्याकाळी खाली जाऊन कव्हर वर करून बघायचा आणि वर येऊन रिपोर्ट द्यायचा, "एमएच झिरो फाइव्ह हललेली नाही. काका आले नाहीत." काका घरी आले त्या दिवशी त्यांना भेटायला गेलेल्या कितीजणांनी त्यांच्या स्कूटरची चौकशी केली होती? काकांनी मात्र बरोबर ओळखलं, याला मागे बसवून कंपाउंडमध्ये दोन राउंड मारले.

डेमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश अभ्यासक आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ ला त्यांनी मांडलं की समजून घेण्यातला घोळ दोन्ही बाजूंचा असतो, ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही आणि आपल्यालाही तो कळत नाही, फक्त नापासचा शिक्का एकालाच बसतो. यावर एडिनबरा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी चक्क कानगोष्टींसारखा प्रयोग केला, एकाने गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. २०२० ला निघालं की सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी आणि सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेली साखळी सारखंच नीट सांगतात, मिसळलेल्या साखळीत जास्त गळतं. नंतर मोठ्या गटावर परत केलं तर मिसळलेली साखळीसुद्धा बाकीच्यांएवढीच चांगली निघाली. म्हणजे "यांना संवादच जमत नाही" हे दोन्ही वेळा टिकलं नाही.

आणि माझा मुलगा कान झाकतो ते तुम्ही नको असता म्हणून नाही हो. आरतीतली झांज त्याला अक्षरशः दुखते. आरत्या सगळ्या पाठ आहेत, मंत्रपुष्पांजलीसकट.

"नॉर्मल शाळेत घालून बाकीच्यांचं नुकसान"

कायदा आधी. दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. किंवा, लक्षात घ्या. काही मुलांना विशेष शाळाच बरी पडते आणि तिथल्या बाई जे काम करतात ते बघून मी थक्क होते, पण ते ठरवणार घरचे, व्हॉट्सॲप ग्रुप नाही. आणि हो, त्याच कायद्यात कलम ९२ आहे, दिव्यांग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर किमान सहा महिने शिक्षा. 'मेंटल' वाले स्टिकर पाठवणाऱ्यांनी वाचून ठेवावं.

आम्हालाही एका शाळेने "आमच्याकडे सुविधा नाहीत" सांगून परत पाठवलं होतं. आत्ताच्या शाळेत सुविधा म्हणजे काय आहे ते सांगते. बाकावर दिवसाच्या तासांची चित्रांची पट्टी चिकटवलीये, तास संपायच्या पाच मिनिटं आधी बाई सांगतात, जागा पंख्यापासून लांब, आणि फारच झालं की लायब्ररीत दहा मिनिटं बसायची परवानगी. एवढंच. बाई म्हणतात त्या पट्टीकडे आता अर्धा वर्ग बघतो. नुकसान कोणाचं झालं, सांगा. अवघड दिवस असतात, तो ओरडतो, एकदा डबा भिरकावला होता, ते मी लपवणार नाही. पण डबे काय फक्त ऑटिस्टिक मुलंच फेकतात?

"आधी बरं करा, मग समाजात आणा"

हा सगळ्या मेसेजचा कणा आहे. बाकी सगळं सांगून झाल्यावर निष्कर्ष काय, तर शेजाऱ्यांनी काहीच करायचं नाही, आईबापांनी दार लावून मूल दुरुस्त करायचं. आता लिफ्टमध्ये कसं थांबायचं हे तो लिफ्टमध्ये न येता कुठे शिकणार?

गोव्यात संगाथ नावाची संस्था आहे, त्यांनी आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या लोकांनी मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला, २०१६ ला छापून आला. मोठे तज्ज्ञ नाहीत, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या. आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि तो आईसोबत बसून बघायचा, इथे त्याने तुमच्याकडे बघितलं होतं, इथे तुम्ही घाई केलीत. आयांचं प्रतिसाद देणं बदललं आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणं वाढलं. बदल आधी मोठ्यांनी केला होता.

"मग आम्ही करायचं तरी काय" असं एका काकूंनी मनापासून विचारलंय, तर सांगते. प्रश्न विचारलात तर मनात दहापर्यंत मोजा, तो उत्तर देतो, जरा उशिरा देतो. नजर भिडवायचा आग्रह नको, आणि न विचारता गालगुच्चा तर अजिबात नको. तो खाली एकटा दिसला आणि घाबरलेला वाटला तर घोळका करू नका, एकानेच हळू आवाजात बोला आणि मला फोन लावा. त्याच्यासमोर माझ्याकडे बघून "याला कळतं का?" विचारू नका, कळतं. आपल्या मंडळाच्या पोरांनी गेल्या गणपतीत साडेसातची आरती टाळ्यांवर केली आणि झांजा रात्रीच्या आरतीला ठेवल्या, तसंच यंदाही करा, दोन आजी आणि एक तान्हं बाळ पण त्याच आरतीला यायला लागलेत. आणि वाढदिवसाला बोलवाच. फक्त केक किती वाजता कापणार आणि फुगे फोडणार का, एवढं आदल्या दिवशी कळवा, बाकीचं आम्ही बघतो.