डिचोलीत बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांना

आज सकाळी एका मित्राने रील पाठवली. लोहखनिजाच्या खाणीच्या खंदकात साठलेलं हिरवंनिळं पाणी, वरून ड्रोन फिरतोय आणि खाली लिहिलंय, 'गोव्यातलं अज्ञात तळं'. डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहितोय.

अरे, ते तळं नव्हे! असले खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले तेव्हा आमच्या डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या विहिरी आणि झरी आटल्या. पावसात डंपावरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यांवरची माती ओहळातून थेट शेतात उतरायची. आमच्या बाबांचं वायंगणाचं, म्हणजे हिवाळी भाताचं शेत असंच एका पावसात तांबड्या गाळाखाली गेलं. बाबा फावडं घेऊन उतरले, पण मेर, म्हणजे शेताचा बांध, कुठे होती तेच सापडेना. खाणवाले आले, मोजमाप झालं, वर्षभराची भरपाई मिळाली. शेत नाही मिळालं.

खाणीने पैसा दिला, हे नाकारत नाही. आमच्या चुलत्यांचा ट्रक त्यावरच चालला, म्हणून तर बाबा खाणीविरुद्ध कधी मोठ्याने बोलले नाहीत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर परत थांबल्या. दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता चालू, हे ज्यांनी सोसलं त्यांना मी दोष देणार नाही. पण पणजीत बसून नुसती रॉयल्टी मोजणाऱ्यांचं काय? मेर शोधत चिखलात उभा राहिलेला माणूस त्यांच्या कुठल्या रकान्यात बसतो?

आमचा तालुका म्हणजे फक्त लाल धूळ नव्हे हो. इथे कुंभार आहेत, मयेत काजूच्या बागा आहेत, नव्या सोमवारच्या उत्सवात रात्रभर जागणारी डिचोली आहे. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला व्रत पाळून धोंड, म्हणजे देवीचे भक्त, येतात आणि पहाटे होमखणातल्या, म्हणजे पेटवलेल्या होमाच्या निखाऱ्यांवरून जातात. दूरदूरची माणसं त्यासाठी येतात. हे सगळं शेतीवर जगणाऱ्या गावांनी उभं केलं, खाणी आल्या त्याच्या कितीतरी आधी. बाबा पहिलं कणीस देवाला ठेवायचे. आता तांदूळ दुकानातून आणतो. आई तेही ठेवते, पण बाबा त्या वेळी बाहेर जाऊन बसतात.

खाणींचे लिलाव झाले, डिचोलीची खाण २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. होऊ दे. पण खाणवाल्यांकडून पैसे घेणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांसाठीच आहे ना? मग त्यातून पहिल्यांदा शेतातला गाळ काढा, ओहळ मोकळे करा, मेरा पुन्हा बांधा. रस्ते आणि सभागृहं नंतर. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. शिरगाव, मये, पिळगावच्या मित्रांनो, तुमच्याही ग्रामसभेत मांडा. मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, आज रात्रीच पाठवतो.