आरामाचं कंत्राट

दापोलीत राहणाऱ्या बाईला पुण्यात मैत्रिणी असाव्यात का, हा वादाचा मुद्दा आहे. एप्रिल-मेमध्ये त्यांना हापूस हवा असतो, तोही 'ओळखीच्या भावात'. डिसेंबरात समुद्र दिसणारी खोली हवी असते, तीही ओळखीच्याच भावात. यंदा मात्र मागणी वेगळीच आली. "आम्हाला काहीच करायचं नाहीये गं. नुसतं रिलॅक्स. मसाज, स्पा वगैरे. तू तिथलीच आहेस, तू ठरव."

पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरलेल्या बायकांना 'काहीच न करणं' जमेल, असं यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी ग्रुप काढला, नाव दिलं 'निवांत'. त्यावर पहाटे पाचपासून मेसेज सुरू झाले. टॉवेल आपले न्यायचे का? तेल कुठलं वापरतात? मसाज करणाऱ्या बायकाच असतात ना? बँकेतून निवृत्त झालेली आमची खजिनदारीण तर थेट रिसॉर्टला फोन लावून, सहा जणींवर एक फुकट बसते का, हे विचारून मोकळी झाली.

आदल्या रात्री सगळ्या माझ्याकडेच मुक्कामाला होत्या. मसाजाची वेळ दहाची. साडेआठला स्वयंपाकघरात जाऊन बघते तर एकीने माझा फ्रीज आवरायला काढलेला. दुसरी अंथरुणांच्या घड्या घालत होती, आणि माझ्या घड्या चुकीच्या असतात हे मला ऐकू जाईल अशा बेताने तिसरीला सांगत होती. मी यांना आराम करायला घेऊन चालले होते, आणि त्या माझ्याच घरात दिवाळीची साफसफाई काढून बसल्या होत्या.

रिसॉर्टचं आयुर्वेद केंद्र समुद्राला लागून. मंद सतार, उदबत्ती, काचेच्या भांड्यात तरंगणारी जास्वंद. आधी एक फॉर्म. त्यात प्रश्न : 'सध्या ताण जाणवतो का?' एकीने 'नाही' लिहिलं आणि शेजारणीला विचारलं, "सून धरायची का यात?" मसाजाआधी बीपी बघतात, म्हणून यंत्र टेबलावर ठेवलेलं होतं. आमच्या डॉक्टरणीने ते हातात घेतलं, आमचे सगळ्यांचे बीपी तपासले आणि शेवटी काउंटरवरच्या मुलीचाही घेतला. "एकशे पन्नास! या वयात? मीठ कमी कर." ती मुलगी आम्ही निघेपर्यंत घाबरून होती.

पुढचं संकट कागदाचं. अभ्यंगाला वापरून फेकायचं एक कागदी वस्त्र देतात. माप सगळ्या जगाला मिळून एकच. पुढची बाजू कुठली, यावर पडद्याआड बराच वेळ चर्चा चालली. मग फर्रर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ खजिनदारणीचा प्रश्न, "दुसरं दिलं तर वेगळे पैसे लागतात का?"

मला तेल लावायला आलेली मुलगी जवळच्याच वाडीतली निघाली. "काकू, तुम्ही? सर कसे आहेत?" आमचे हे तिला आठवीत गणित शिकवायला होते. झालं! डोळे मिटून पडले खरी, पण पुढचा तासभर गावातल्या यच्चयावत बातम्या माझ्या पाठीवर रगडल्या गेल्या. कोणाची जमीन विकली, कोणाचं ठरलेलं मोडलं, कोणाच्या बागेतला मोहोर करपला. मधेच अंगठा मानेच्या शिरेवर रोवून तिने विचारलं, "सरांनी मला दोनदा नापास का केलं होतं हो?" अशा वेळी नवऱ्याची बाजू घेण्यात अर्थ नसतो.

शेजारच्या खोलीत एकीची शिरोधारा चालू होती. टांगलेल्या भांड्यातून कोमट तेलाची बारीक धार कपाळावर सोडतात, एका लयीत इकडून तिकडे फिरवतात. अट एकच, हलायचं नाही. हिने मोबाईल पाऊचमध्ये घालून उशाशीच ठेवला होता. तो वाजला. पुण्यात सिलिंडरवाला दारात उभा आणि सासूबाईंना पैसे सापडेनात. "फ्रीजवरचा डबा! निळा नाही हो, पोहे भरलेला!" हे सांगताना मान वळली आणि धार सरळ डोळ्यात गेली.

स्वेदनाच्या पेटीतून फक्त मुंडकं बाहेर राहतं. त्या मुंडक्याचं नाक खाजत होतं. हात आत, वाफेत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ते मुंडकं केविलवाणेपणाने हाक मारत होतं.

दुपारी हलकं जेवा म्हणून तिथल्या वैद्यांनी बजावलं होतं. आम्ही सुरमई खाल्ली.

संध्याकाळचा बेत उन्हवऱ्याचा, गरम पाण्याच्या कुंडाचा. कोकणात पालघरच्या कोकणेरपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत असे झरे एका पट्ट्यात आहेत, त्यातलं हे एक. पण दापोली गाठली आणि कृषी विद्यापीठाची रोपवाटिका आडवी आली. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला 'रत्ना' आणि बाठ नावापुरतीच असलेला 'सिंधू', अशी नावं ऐकल्यावर कोण पुढे जातंय! ज्यांच्याकडे कढीपत्त्याची कुंडी जगत नाही, त्यांनी कलमं घेतली. पुढचा सगळा प्रवास गुडघ्यांत झाडं धरून झाला. वाकवली सोडल्यावर एकीला पन्हाळेकाजीची 29 लेणी 'उभ्या उभ्या' बघायची होती. मी गाडीच्या काचा वर केल्या.

उन्हवऱ्यात पोचताच गंधकाचा वास आला. "गटार आहे का जवळ?" एकीने पदर नाकाला लावला. दुसरीने विचारलं, "खाली ज्वालामुखी नाही ना?" मी सांगितलं, होता, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आता त्याचा नुसता काळा कातळ उरलाय. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. एवढ्या माहितीवर त्यांचं समाधान झालं नाही, पण भीती गेली.

बायकांचं कुंड वेगळं, भिंतीआड. झऱ्याचं मूळ पाणी 70 अंशांच्या आसपासचं. कुंडात येईपर्यंत निवतं, तरी चांगलंच पोळतं. आमच्या मंडळींनी एकेक बोट बुडवून किंकाळ्या मारायला सुरुवात केली. समोर एक आजी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या, नऊवारी नेसून, अंगणात बसावं तशा आरामात. त्या म्हणाल्या, "गो बायांनो, पाय काय बुचकळत बसलाव? धीर करा नि बसा एकदम."

बसलो. आणि खरंच, दिवसभरात पहिल्यांदाच कोणी काही बोलेना. ना सिलिंडर, ना सून. डॉक्टरीणसुद्धा, दहा मिनिटांवर बसू नका, एवढंच म्हणून गप्प झाली.

शांतता मोडली ती आजींनी. "अंगाला तेलाचा वास येतोय तुमच्या."

मी मसाजाचं सांगितलं.

"कितीला पडला?"

आकडा ऐकून आजी पाण्यात थोड्या वर आल्या. "एकीचे? तेवढ्यात मी म्हयनाभर चोळीन तुमाला. सुना, नाती, समद्यांच्या बाळंतपणात हेच केलंय."

आजी थट्टा करत होत्या, हे मला कळलं. खजिनदारणीला कळलं नाही. ती पाण्यातूनच सरकत त्यांच्याजवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सहा जणींचं मिळून किती घ्याल?"