खुलासा: १९७१च्या करारात ‘रशिया भारतासाठी लढेल’ असं कलम नव्हतं

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘१९७१च्या भारत-सोव्हिएत करारामुळे भारतावर हल्ला झाल्यास रशियाला युद्धात उतरणं बंधनकारक होतं.’ हे चूक आहे.

करार ९ ऑगस्ट १९७१ला दिल्लीत झाला. सह्या भारताचे परराष्ट्रमंत्री स्वर्ण सिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांच्या. नववं कलम नीट वाचा. हल्ला झाला किंवा धोका निर्माण झाला, तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची आणि परिणामकारक पावलं उचलायची. सैन्य पाठवण्याचा शब्दही नाही. याच कलमात दुसरीही अट आहे: समोरच्याशी लढणाऱ्या तिसऱ्या देशाला मदत द्यायची नाही. म्हणजे मॉस्कोकडून पाकिस्तानला मदतीची वाट बंद. ही अट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

करार त्याच वेळी का? जुलैमध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते. अमेरिका, चीन आणि पाकिस्तान जवळ येताना दिसत होते.

डिसेंबरमध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं, तेव्हा खरी मदत झाली ती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत. ४ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला १५पैकी ११ मतं मिळाली, तरी सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. मग विषय आमसभेत गेला. ७ तारखेला १०४ विरुद्ध ११ मतांनी ठराव झाला, पण तो बंधनकारक नव्हता. असा वेळ मिळाला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली. जमिनीवर लढले ते भारतीय जवान आणि मुक्तिवाहिनी, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांचं दल.